फोटोची पाठ

कागदाचं काम आपल्याला येतं, असा माझा समज होता. कुडाळला पतसंस्थेतली नोकरी सांभाळून मी मैत्रिणींच्या बाळांच्या बारशाला, कुणाच्या लग्नाच्या वाढदिवसाला एक्स्प्लोजन बॉक्स करून द्यायचे. झाकण उचललं की चारी भिंती उलगडून पडतात आणि आतून फोटो, चिठ्ठ्या, इवलीशी पाकिटं निघतात, तो डबा. पॉप-अप कार्डं, ओढली की फोटो बदलणारी पट्टी, हेही जमायचं. त्यामुळे 2025 च्या शिमग्याला परुळ्याच्या घरी आजीने माळ्यावरची ट्रंक खाली काढायला लावली आणि तिच्यात फोटो निघाले, तेव्हा मी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं, चतुर्थीपर्यंत आपल्या घराचं स्क्रॅपबुक करते.

चतुर्थी 27 ऑगस्टला होती. म्हणजे काम जून ते ऑगस्ट. ज्या तीन महिन्यांत आमच्याकडे पापड मऊ पडतात, चपलांवर बुरशी धरते आणि मिठाच्या बरणीत पाणी साठतं, नेमक्या त्याच महिन्यांत मी कागद आणि गोंद घेऊन बसणार होते. शिमग्याच्या उन्हात हे कुणाला सुचतंय!

ट्रंक काढायचं खरं कारण वाळवी होतं. झाकणाच्या कडेला मातीची रेघ दिसली म्हणून आजी धास्तावली होती. आत तिची दोन नऊवारी, रेशनकार्डं, सातबाराचे जुने उतारे, सुतळीने बांधलेला मनीऑर्डरच्या कुपनांचा गठ्ठा, प्लास्टिकच्या पिशवीत सुटे फोटो आणि आईबाबांच्या लग्नाचा अल्बम. वाळवीने उतारे खाल्ले होते, फोटोंना हात लावला नव्हता. फोटोंचा समाचार कसर घेत होती. चंदेरी, चपळ, उजेड पडताच पसार. तिला खळ आवडते, सरस आवडतो, आणि फोटोवरचा थर सरसाच्याच जातीचा असतो. म्हणून फोटोच्या कडांना नकाशातल्या किनाऱ्यासारखे खाचखळगे पडले होते.

पहिलं पान मी आजोबांचं करायला घेतलं. स्टुडिओत काढलेला कृष्णधवल फोटो, मागे रंगवलेला महालाचा पडदा, शेजारी तिपाईवर फुलदाणी, आजोबा कोट घालून ताठ उभे, डावा हात मुद्दाम पुढे, मनगटावर घड्याळ. ते 1960 च्या सुमारास मुंबईला गिरणीत लागले, त्यानंतरचा हा फोटो. 220 जीएसएमच्या, म्हणजे जाडसर, क्रीम शीटवर तपकिरी कागदाची चौकट कापली, कोपऱ्यात कागदाची सुरंगीची फुलं, आणि सुतार लाकडाला लावतात तो पांढरा गम पाठभर फासून फोटो पक्का बसवला. वरून वही ठेवली. छान दिसत होतं.

सकाळी बघते तर पान कौलासारखं वळलेलं. गमातलं पाणी कागदाने प्यायलं, रात्रभर पाऊस, ते सुकायला हवेत जागाच नव्हती. मी पान दोन्ही हातांनी दाबत बसले होते तेवढ्यात आजी मागून आली.

"मागल्यान लिवलेला वाचलंस मा?"

मी म्हटलं, मागे काय लिहिलंय?

"माका काय विचारतंस? फोटो धाडूचो तर चिठी वेगळी कित्याक, म्हणान ते मागल्यानच लिवायचे."

मी फोटोची पाठ नीट न बघताच तो चिकटवला होता. गठ्ठ्यातले बाकीचे फोटो भराभर उलटले. खरंच, जवळजवळ प्रत्येकाच्या पाठीवर काहीतरी होतं. कुठे स्टुडिओचा जांभळा शिक्का आणि निगेटिव्हचा नंबर, कुठे शाईने तारीख, कुठे दोन ओळी. आणि मी चिकटवलेल्या फोटोत तर मला आठवतं तसं पाठभर लिहिलेलं होतं, पण त्याला मी नुसते डाग समजले.

सुकलेला पांढरा गम पाण्याने सुटत नाही. मग उलटीकडून सुरुवात केली, म्हणजे फोटो सोडवायचा नाही, पान सोलायचं. फोटो पालथा ठेवून पाठीमागच्या शीटचे पापुद्रे कटरच्या बोथट पात्याने एकेक करून काढले. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी गमाची दुधी साय उरली, तिच्यातून तीन शब्द दिसले, "पगार", "वहिनीस" आणि अर्धवट "घड्या". बाकी शाई गमात विरघळून निळसर ढग झाला होता.

आजीला तेव्हा वाचता येत नव्हतं. पत्र आलं की पोस्टमनच वाचून दाखवायचा. तिच्या लक्षात राहिलं होतं ते एवढंच. "घड्याळ आपला न्हय, खोलीतल्या कोणाचातरी आसा, असा लिवलेला होता." एवढं बोलून ती गोठ्याकडे निघून गेली.

त्या दिवसापासून पुस्तकाचा नियम ठरला. मूळ फोटो चिकटवायचा नाही, आणि प्रत्येक फोटो काढून त्याची पाठ वाचता आली पाहिजे.

यासाठी कागदाचे कोपरे करतात. दोन सेंटिमीटर रुंद, पाच लांब पट्टी घ्यायची, मधोमध बोट ठेवायचं आणि दोन्ही टोकं खाली अशी वळवायची की वर टोक येईल. मुलं होडी करताना पहिली घडी घालतात ना, तशीच. त्रिकोण तयार होतो, त्याच्या खिशात फोटोचा कोपरा जातो, आणि गोंद लागतो तो फक्त त्रिकोणाच्या पाठीला, फोटोला नाही. एका फोटोला चार, साठेक फोटो, म्हणजे अडीचशेच्या आसपास कोपरे. घडी धारदार बसवायला बाजारात हाडाची पट्टी मिळते म्हणतात, मी करवंटीचा तुकडा पॉलिशपेपरवर घासून गुळगुळीत केला आणि तोच वापरला. अजून पर्समध्ये आहे. पतसंस्थेत जेवणाच्या सुट्टीत मी कोपरे वळत बसायचे. शिपाईदादांनाही शिकवले. त्यांचे माझ्यापेक्षा नेटके यायला लागले.

आईबाबांचा लग्नाचा अल्बम निराळाच छळ. 1988 सालचा, त्या वेळच्या फॅशनचा, पानावर चिकट रेघा आणि वर प्लास्टिकची झिल्ली. झिल्ली उचलायची, फोटो ठेवायचा, झिल्ली दाबायची. घालायला फार सोपा, म्हणून घरोघरी तेच अल्बम. पण त्या गोंदाने आणि हलक्या पुठ्ठ्याने सदतीस वर्षांत पानं पिवळी केली आणि फोटो असे धरून ठेवले की ओढला तर फाटणार. रंग तर आधीच गेले होते. निळसर छटा उडाल्यामुळे सगळं वऱ्हाड गेरूत बुडवल्यासारखं तांबूस.

ते सोडवायला दातांत घालायचा दोरा उपयोगी पडला, मेणाशिवायचा. आधी प्रत्येक पानाचा जागेवरच मोबाइलने फोटो घेतला, कारण फाटलाच तर निदान प्रत राहील. मग एका कोपऱ्याखाली दोरा सारायचा आणि करवत चालवतो तसा हळूहळू पुढेमागे ओढत न्यायचा. घाई केली की दोरा वर चढतो आणि फोटोला वळी पडते. आई समोर बसून प्रत्येक फोटो सुटला की हुश्श करायची. दोन फोटो नाहीच आले. त्यांच्याभोवतीचा पुठ्ठा कापून तसेच ठेवले.

देवघराशेजारी आजोबांच्या आईचा फ्रेममधला फोटो काचेलाच चिकटलाय. दमट हवेने वरचा थर मऊ होतो आणि काच धरतो. एका नातेवाइकाने "काच गरम करून सोडवू" असं सुचवलं, त्यांना चहा दिला आणि विषय बदलला. ढगाळ दुपारी पडवीत, फ्लॅश बंद, माझ्यामागे काळी ओढणी धरून काचेवरची झळक मारली आणि काचेतूनच प्रत घेतली. लॅमिनेशनचंही तसंच. काकांनी त्यांच्याकडचा एक जुना फोटो प्रेमाने लॅमिनेट करून आणला, आत बुडबुडे आलेत आणि ते आता कधीच निघणार नाहीत. त्यांना काही बोलले नाही. पुस्तकात आहे तो.

ओलाव्यावर उपाय आमच्याकडे जुनाच. कपाटात 25 वॅटचा बल्ब लावून ठेवायचा. त्या कपाटाच्या वरच्या खणात कागद, खालच्या खणात बाबांच्या लोकरी टोप्या. तयार पानं पत्र्याच्या पिंपात, मध्ये बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या. आजीने वेखंडाचे तुकडे टाकायला लावले, पोथ्यांच्या बासनात ते असतातच. डांबरगोळ्यांना मात्र मी नको म्हटलं.

घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेली पहिली प्रत ओल्या बोटाने पुसली गेली. मग आजोबांच्या अक्षराच्या सगळ्या प्रती बाजारात कलर झेरॉक्सवर काढल्या. त्याची पूड कागदावर भाजून बसते, पाण्याला दाद देत नाही.

जुलैत पानं जोडायची वेळ आली आणि मी कुडाळ बाजारातल्या एका म्हाताऱ्या बाइंडरकाकांकडे गेले. त्यांचं आयुष्य कचेऱ्यांची रजिस्टरं बांधण्यात गेलंय. माझी सजवलेली पानं त्यांनी पत्त्यांसारखी पिसून बघितली आणि म्हणाले, "ह्या पुस्तक तोंड वासतला." खरं होतं. फोटो, पाकिटं, घड्या सगळ्या बाहेरच्या बाजूला, मणक्याकडे नुसती पानं, म्हणजे बांधल्यावर पाचर होणार. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक दोन पानांमध्ये मणक्याकडे दोन बोटं रुंदीच्या जाड कागदाच्या पट्ट्या भरायच्या, जेवढा फोटो जाड तेवढी पट्टी जाड.

दुसरं त्यांनी दाखवलं ते ग्रेन. शीटचा एक चौकोनी तुकडा कापला, एका बाजूने पाण्याचा हात फिरवला, आणि तो तुकडा डोळ्यांदेखत सुरळी झाला. "जसो वळता, तसो तेचो धागो. मणको त्याच दिशेन." कागद यंत्रावर बनतो तेव्हा तंतू एका दिशेने झोपतात, ओलावा मिळाला की कागद त्यांच्या आडव्या दिशेने फुगतो. मणका तंतूंच्या दिशेने असला तर पान सहज उलटतं, नाहीतर ताठ उभं राहतं आणि पावसाळ्यात लाटा धरतं. माझी निम्मी पानं उलट्या ग्रेनची होती. ती सगळी पुन्हा केली. रडले नाही, पण त्या रात्री जेवले नाही हे खरं.

खळीत मोरचूद घालायचं त्यांनी सुचवलं, कसर-झुरळ फिरकत नाही म्हणून. ते विषारी, शिवाय कागदावर निळा डाग पडतो आणि वर्षांनी कागद खातो, म्हणून मी आतल्या पानांना नको म्हटलं. काका हसले. "कोर्टाची दप्तरां मी बांधलंय, अजून आसत." वाद घातला नाही. बाहेरच्या पुठ्ठ्याला त्यांची खळ, आत माझी साधी मैद्याची, पातळ.

वरचं कापड म्हणजे आजीच्या फाटक्या नऊवारीचा पदर. साडीचं कापड थेट पुठ्ठ्यावर लावलं तर खळ विणीतून वर फुटते आणि पांढरे ठिपके पडतात. आधी कापड पालथं ओलं करून ताणायचं, पातळ कागदाला खळ लावून तो कापडाच्या पाठीवर ब्रशने बसवायचा, सुकू द्यायचं, मग ते पुठ्ठ्याला. एवढं करूनही पुठ्ठा होडीसारखा वाकला, कारण एकाच बाजूने ओढ होती. आतून कागद लावल्यावर दोन्ही ओढी सारख्या झाल्या. मग चार दिवस जात्याच्या तळीखाली, रोज कोरडे वर्तमानपत्र बदलून.

मधल्या एका रविवारी पिंगुळीला गेले. गुढीपूरचं ठाकर आदिवासी कला आंगण कुडाळहून हाकेच्या अंतरावर, तरी मी लहानपणी शाळेच्या सहलीनंतर गेलेच नव्हते. तिथले चित्रकथी आणि बाहुल्यांचे कलाकार परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा गावात केवढी चर्चा होती. चित्रकथी म्हणजे चित्रं दाखवत गाऊन सांगायची गोष्ट, पण तिची पोथी म्हणजे बांधलेलं पुस्तक नव्हे. सुट्या चित्रांचा गठ्ठा, आणि दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. एक दाखवून झालं की उलटायचं. बघून मला माझाच फोटो आठवला. इथे पाठी चिकटवलेल्याच असतात आणि कुणाचं काही बिघडत नाही, कारण लिहिलेलं काहीच नसतं, गोष्ट सांगणाऱ्याच्या गळ्यात असते. आमच्या घरात सांगणारी एकच उरली होती, आणि तिला मी तोवर दोनच प्रश्न विचारले होते.

मग रोज रात्री फोनवर आजी, शनिवार-रविवार परुळ्याला. फोटो दाखवायचा, ती बोलेल ते तिच्याच शब्दांत उतरायचं. फोटोखाली एक उघडझाप पट्टी ठेवली, आत रेघा. फोटो काढून घेता येतो, पट्टी उघडून वाचता येतं, आणि खाली दोन-तीन ओळी कोऱ्या, कुणाला दुसरं आठवत असेल तर. "ही मी न्हय गो, ही माझी जाव. माझ्याकडे तेव्हा लुगडा खय होता असला?" असं ती म्हणाली आणि पाच जणांनी आजवर आजी म्हणून सांगितलेला फोटो तिच्या जावेचा निघाला. "माका कोणी विचारूकच नाय."

मनीऑर्डरची कुपनं एकशे त्रेचाळीस निघाली. नोकरीच्या सवयीने दोनदा मोजली. फॉर्मच्या त्या तुकड्यावर निरोपापुरती जागा असायची, पैसे घेणाऱ्याकडे तो राहायचा. आजोबांचं अक्षर बारीक, एकही ओळ वाया नाही. "रु. 40 पाठवीत आहे. पावसापूर्वी नळे परतून घ्या." "रु. 65. थोरलीस वह्या आणणे. गायीचे काय झाले ते कळवा." "रु. 110. चतुर्थीस येत आहे, तिकीट मिळाल्यास."

त्यातली चोवीस निवडून लांब पट्टीवर मांडली आणि पट्टीला हार्मोनियमच्या भात्यासारख्या मागेपुढे घड्या घातल्या. कुपन चिकटवलं नाही, कागदाला तिरक्या चिरा पाडून त्यात कोपरे अडकवले. उरलेली मागच्या पाकिटात. पट्टी ओढली की साल पुढे सरकतं, आणि शेवटचं कुपन 9 जानेवारी 1982 चं. "रु. 120. संप होणार असे दिसते. काळजी करू नये. बियाण्याचे भात राखून ठेवणे." 18 जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले. त्यानंतर गठ्ठ्यात एकही कुपन नाही. आजोबा पुढच्या वर्षी गावी आले ते कायमचेच.

पुढच्या तीन घड्या मी कोऱ्या सोडल्या होत्या. बाबांनी विचारलं, कागद उरला काय? मी काही बोलले नाही, पेन्सिल जवळ ठेवली. दोन दिवसांनी पहिल्या कोऱ्या घडीवर त्यांचं अक्षर दिसलं. "त्या पावसात आम्ही पेज आणि कुळथाची पिठी जेवलो. रोज. थोरलीची शाळा सुटली."

चाकरमान्यांच्या पोरांसाठी काहीतरी हातात द्यायचं म्हणून सावंतवाडीच्या गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले जुन्या खेळाचे पत्ते, तशी गोल पानं केली. खरी दशावतारी गंजिफा 120 पानांची, मी चोवीसवर भागवलं. एकेका नातेवाइकाचा चेहरा, जोड्या लावायच्या. चिंचोक्याच्या खळीने दोन थर जोडले, सुकताना निम्म्या चकत्या बश्यांसारख्या वळल्या. पोरांना त्या भिरभिऱ्यांसारख्या उडवायला बऱ्या पडल्या.

चतुर्थीच्या आदल्या रात्रीपर्यंत मी मणक्याची दोरी ओवत होते. माटवीला, म्हणजे गणपतीवरच्या चौकटीला, कांगलं, कवंडळं ही रानफळं बांधायची गडबड, आईचे मोदक, बाहेर पाऊस, आणि मी पडवीत टोचा घेऊन. पूजा-आरती आटपल्यावर दुपारी पुस्तक चटईवर ठेवलं. प्रत्येक जण आधी स्वतःचा फोटो शोधत होता. काकांनी लॅमिनेशनवाला बघून मान डोलावली.

मोठी आते डोंबिवलीहून आली होती. ती पहिल्या पानावर थांबली. आजोबांचा कोटातला फोटो, माझ्या गमापायी ज्याची पाठ आता वाचता येत नाही तो. पट्टी उघडून तिने आजीचं वाक्य वाचलं, चष्मा कपाळावर ढकलला.

"आये, घड्याळ दुसऱ्याचा कसा? बाबांचाच होता ता. माझ्याकडे आसा अजून, कपाटात."

"ता नंतरचा," आजी सुपारी कातरता कातरता म्हणाली.

"नंतरचा कसा? पट्टो बघ."

दोघी फोटोवर वाकल्या. मी पेन्सिल शोधत होते. ती सापडेपर्यंत आतेने पर्समधून बॉलपेन काढलं आणि कोऱ्या ओळीवर दाबून लिहिलं, "घड्याळ बाबांचेच होते." खाली तारीख घातली, सही केली.